'बरे चालले आहे' म्हणजे किती?

२०२५च्या नोव्हेंबरात एके सकाळी आमच्या दारात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. देशभर सागरी मच्छिमारांची गणना चालू होती आणि आमच्या वाडीचे काम तिच्याकडे होते. मी तिला लहानपणापासून ओळखतो. ती मला 'चाचा' म्हणते. घरात माणसे किती, शिकलेली किती, होडी आहे का, जाळी कोणती, हे सारे ती विचारत गेली आणि बोटाने नोंदवत गेली. काम संपले. चहा घेता घेता तिने विचारले, "चाचा, बाकी कसं चाललंय?" मी म्हणालो, "बरं चाललंय." हा शेवटचा प्रश्न तिने सरकारतर्फे नव्हे, शेजारधर्म म्हणून विचारला होता. ती गेली आणि मला तेहतीस वर्षांपूर्वीचा एक कागद आठवला.

ते साल १९९२. मी नुकताच बी.ए. झालो होतो. अक्षर बरे होते, चार कविता छापून आल्या होत्या आणि नोकरी नव्हती. किनाऱ्यावरच्या लोकांची पाहणी करायला बाहेरून काही मंडळी आली. अर्ज भरायला त्यांना गावातला शिकलेला पोरगा हवा होता. रोजाने पैसे मिळणार होते. मी घरोघर हिंडू लागलो. अर्जात एक प्रश्न होता : 'व्यवसायाची सद्यःस्थिती कशी वाटते?' पुढे तीन चौकोन. चांगली, मध्यम, वाईट. हा प्रश्न मी माझ्या सख्ख्या चाचाला विचारला. तो खळ्यात जाळे शिवत बसला होता. वर न बघता म्हणाला, "लिव, शुकर हाय अल्लाचा."

हे उत्तर कोणत्या चौकोनात बसवायचे? मी जरा थांबलो आणि 'चांगली'वर खूण केली. अल्लाचे आभार मानणारा माणूस वाईट स्थितीत कसा असेल, असे माझ्या बी.ए. झालेल्या डोक्याला वाटले. त्या वर्षी चाचाच्या मचव्याचे इंजिन दोनदा उघडावे लागले होते. ट्रॉलरखाली सापडून निम्मी जाळी फाटली होती. दलालाची उचल डोक्यावर होती. हे सारे मला दोन महिन्यांनी कळले, त्याने मचवा विकला तेव्हा. माझी खूण मात्र कागदावर तशीच राहिली. आमच्या वाडीतल्या एका मच्छिमाराची स्थिती चांगली, अशी कुठल्या तरी तक्त्यात बेरीज झाली असणार.

पुढे मी मच्छिमार सोसायटीत कारकून म्हणून लागलो आणि निम्मे आयुष्य डिझेलच्या पावत्यांत गेले. त्या निमित्ताने किनाऱ्यावर येणाऱ्या पाहण्या, समित्या, अभ्यासक पाहिले. त्यातून जे समजले ते आज आपल्याला सांगायचे आहे. विषय असा की समुद्राचे व्यवस्थापन करताना समुद्रावर जगणाऱ्या माणसांचे बरेवाईट कसे मोजायचे?

आधी, मासे कसे मोजतात ते पाहू. आपल्या देशात हे काम केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था करते. ही संस्था १९४७ साली सुरू झाली. तिचे मुख्यालय कोचीला आहे. देशातल्या प्रत्येक बंदरावर रोज माणूस बसवणे शक्य नाही. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडतात, त्यांतली काही बंदरे निवडतात, महिन्यातले काही दिवस निवडतात. त्या दिवशी त्या बंदराला लागलेल्या होड्यांपैकी काहींची मासळी पाहून नोंदतात : बांगडा किती, तारली किती, कोळंबी किती. त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. निवड कोणाच्या मर्जीने होत नाही, ठरलेल्या पद्धतीने होते. म्हणून त्या अंदाजाला किंमत आहे. वर्षानुवर्षे असे आकडे गोळा झाल्यामुळेच तारली कधी घटली, बांगडा कधी वाढला हे आज सांगता येते.

हीच संस्था मच्छिमारांची गणनाही करते. २००५, २०१० आणि २०१६ साली ती झाली आणि आता २०२५मध्ये. २०१०च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ सागरी मच्छिमार गावे आणि ८१ हजार ४९२ कुटुंबे नोंदली गेली. लोकसंख्या सुमारे ३ लाख ८६ हजार. हे आकडे फार कामाचे आहेत. बंदर कुठे बांधायचे, बर्फाचा कारखाना कुठे हवा, विम्याला किती पैसे ठेवायचे, हे त्यांशिवाय ठरत नाही. पण माणसे किती, हे सांगणारा आकडा माणसे कशी आहेत, हे सांगत नाही. तो त्याचा दोष नव्हे. वजनाच्या काट्याने ताप मोजता येत नाही, एवढेच.

मग दुसरे माप कशाला हवे? कारण समुद्रावरचा प्रत्येक निर्णय शेवटी माणसांवर येऊन पडतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. प्रजननाच्या काळात माशांना उसंत मिळावी हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. आमचे वाडवडील कायदा नसतानाही पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जात. पण हे ६१ दिवस मचव्याच्या मालकाला वेगळे असतात, खलाशाला वेगळे आणि बंदरावर कोळंबी सोलायला जाणाऱ्या बाईला वेगळे. मालक इंजिन दुरुस्त करतो, खलाशी गावी जातो, त्या बाईला मात्र कोणी विचारतच नाही. बंदीने मासे किती वाढले हे आपण मोजू. पण ती बंदी कोणी, काय गमावून पाळली, हे मोजले नाही तर पुढच्या वर्षी ती कोण कितपत पाळील हे आपल्याला कळणार नाही. माणसाचे बरेवाईट मोजणे ही दयेची बाब नाही. समुद्र नीट राखायचा तर ती गरजेची बाब आहे.

इथे मापाची एक गंमत सांगतो. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, हे आपण शाळेत पाठ केले. केंद्राच्या जुन्या यादीत हाच किनारा ६५२ किलोमीटरच्या आसपास होता. नव्या मोजणीत तो जवळजवळ ८७८ किलोमीटर झाला आणि भारताचा सारा किनारा ७ हजार ५१६ वरून ११ हजार ९८ किलोमीटरवर गेला. समुद्र वाढला नाही, जमीनही वाढली नाही. जुनी मोजणी ४५ लाखांस एक अशा प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, नवी अडीच लाखांस एक या प्रमाणावर. नकाशा बारीक झाला तशी खाडीची वळणे, लहान बेटे, नदीची तोंडे मापात आली. जाड पट्टीने मोजले की वळणे हरवतात. माझ्या अर्जातले ते तीन चौकोन म्हणजे अशीच जाड पट्टी होती. चाचाचे सगळे वळण तिच्यात हरवले.

या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बांगलादेश, इथिओपिया, पेरू आणि थायलंड या चार देशांत माणसाचे 'बरे असणे' म्हणजे काय, याचा मोठा अभ्यास केला. त्यातले एक अभ्यासक ॲलिस्टर मॅकग्रेगर. पुढे २०११ साली सारा कुल्थार्ड, डेरेक जॉन्सन आणि मॅकग्रेगर यांनी ही पद्धत मासेमारीला कशी लावावी हे मांडले. कुल्थार्डबाईंनी तामिळनाडूतल्या पुलिकत सरोवरावरच्या मच्छिमारांत बसून काम केलेले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की माणसाच्या बरे असण्याला तीन बाजू असतात. त्याच्याजवळ काय आहे, ही पहिली. जे आहे त्याच्या जोरावर आणि इतरांशी असलेल्या संबंधांतून तो काय करू शकतो, ही दुसरी. आणि या साऱ्याबद्दल त्याला स्वतःला काय वाटते, ही तिसरी. तिन्ही एकदम पाहिल्या तरच चित्र पुरे होते.

पहिली बाजू सोपी वाटते, पण ती तशी नाही. 'महिन्याचे उत्पन्न किती?' हा प्रश्न नोकरदाराला ठीक. मच्छिमाराला महिना नसतो, हंगाम असतो. मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च वजा होतो. मग मालकाचा, जाळ्याचा, तांडेलाचा आणि खलाशांचा वाटा पडतो. एखाद्या फेरीत हातात काहीच येत नाही, एखाद्या फेरीत महिन्याचे निघते. त्यातच दलालाची उचल घेतलेली असेल तर मासळी त्यालाच घालावी लागते, तो म्हणेल त्या भावात. अशा माणसाला सरासरी विचारली की तो अंदाजे एक आकडा फेकतो आणि आपण तो पवित्र मानून लिहून घेतो. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारावेत. गेल्या जुलैत घरात धान्य कुठून आले? उधार कोणाकडून घेतले, ते फिटले का? गेल्या महिन्यात होडी किती दिवस पाण्यात गेली? मुलाची फी वेळेवर भरली का? ही उत्तरे माणसाला आठवतात, आणि ती ताडूनही पाहता येतात.

दुसरी बाजू संबंधांची. सिंधुदुर्गात रापण आहे. एक होडी समुद्रात वळसा घालून जाळे टाकते आणि किनाऱ्यावरची पुष्कळ माणसे दोन्ही टोकांनी दोर ओढतात. दोराला हात लावणाऱ्याला थोडीतरी मासळी मिळते. म्हातारा माणूस, विधवा बाई, शाळा सुटलेला पोरगा, सगळे येतात. रापण थांबली तर रुपयांच्या हिशेबात फार मोठे नुकसान दिसणार नाही. एका पर्ससीन नौकेच्या एका फेरीपुढे ते काहीच नाही. पण वाडीतल्या म्हाताऱ्याचा हक्काने मिळणारा कालवणापुरता वाटा गेला, आणि रोज सकाळी माणसांत जाण्याचे कारण गेले. पारंपरिक मच्छिमार आणि पर्ससीनवाले यांचे भांडण आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठरवून दिला. त्या भांडणात टनांचे हिशेब होतात, ते व्हायलाच हवेत. पण त्याच्या मुळाशी हे दोरावरचे हातही आहेत.

तिसरी बाजू माणसाच्या स्वतःच्या वाटण्याची. इथे एक मोठा गैरसमज आहे. मच्छिमार गरीब, धंद्यात जोखीम. दुसरे काम दिले की तो आनंदाने समुद्र सोडील आणि समुद्रावरचा ताण कमी होईल, असे धोरण आखणारे फार वर्षे धरून चालले. रिचर्ड पोलनॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपाईन्स, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम इथल्या मच्छिमारांना हेच विचारले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेकांना आपले काम आवडत असल्याचे दिसले. चाचाला मी पुढे मचवा गेल्यावर गोदीतल्या पहारेकऱ्याचे काम मिळवून दिले होते. पगार ठरलेला, जिवाला धोका नाही. चार महिन्यांत तो परत आला आणि दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. आम्ही त्याला वेडा म्हटले. तो म्हणाला, "थय मना कोण वारा इचारीत नाय." तिथे मला कोणी वारा विचारत नाही! बंदरावर तरणे तांडेल त्याला निघण्यापूर्वी विचारत, आज वारा कसा आहे? तीस वर्षांच्या अनुभवाची ती किंमत होती, आणि ती पगारात मिळत नव्हती.

पण तिसऱ्या बाजूवर एकटीवर विसंबणेही धोक्याचे. माणूस हालांना सरावतो. सतत कमी मिळणारा कमी मागायला शिकतो आणि 'बरे आहे' म्हणतो. शिवाय आपल्याकडे तक्रार करणे कमीपणाचे मानतात. मुसलमान 'शुकर आहे' म्हणेल, हिंदू 'देवाची कृपा' म्हणेल. हे उत्तर म्हणजे माहिती नव्हे, ती रीत आहे. म्हणून समाधानाच्या प्रश्नाला जोड द्यावी लागते. 'तुमच्या मुलाने हाच धंदा करावा का?' हा प्रश्न आमच्याकडे विचारून पाहा. स्वतःच्या कामाबद्दल भरभरून बोलणारा माणूस इथे एकदम गप्प होतो. त्या दोन उत्तरांमधल्या अंतरात पुष्कळ काही असते.

विचारणारा कोण, हेही महत्त्वाचे. मला वाटले होते, मी घरचा म्हणून चाचा मोकळेपणी बोलेल. झाले उलटे. दलालाचे कर्ज पुतण्यापुढे कोण कबूल करील? परक्यापुढे माणूस आब राखतो आणि घरच्यापुढे लाज राखतो. म्हणून चांगल्या पाहणीत गावातला एक आणि बाहेरचा एक अशी जोडी ठेवतात, बायकांशी बायका बोलतात, आणि पैशांचे प्रश्न चारचौघांत विचारत नाहीत.

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या १९९२च्या अर्जात आमच्या घराचे पानही मीच भरले. आईच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात मी 'घरकाम' लिहिले. माझी आई पहाटे बंदरावर लिलावाला जाई. घेतलेली मासळी पाटीत घालून चार वाड्या फिरे. उन्हाळ्यात सुकट वाळवी आणि घाटाच्या बाजूच्या गावांत नेऊन तिच्या बदल्यात भात आणी. तो भात आम्हाला पावसाळ्यात पुरे. माझी बी.ए.ची फी त्या पाटीतून आली होती. तरी तिच्या मुलाने, कवी म्हणवणाऱ्या मुलाने, 'घरकाम' लिहिले. कारण मच्छिमार म्हणजे होडीवर जाणारा पुरुष, हे माझ्या डोक्यात पक्के होते. अर्ज छापणाऱ्यांची चूक असेल, पण ही चूक माझी होती. आज आई नाही. तो रकाना दुरुस्त करता येत नाही.

आता पाहा, हे माप नसले की काय होते. वरळीच्या सागरी रस्त्याच्या पुलाचे उदाहरण घ्या. वरळी कोळीवाड्याच्या होड्या ज्या वाटेने समुद्रात जातात तिथे पुलाच्या दोन खांबांमधले अंतर आराखड्यात ६० मीटर होते. कागदावर होडीची रुंदी आणि ६० मीटर पाहिले तर जागा भरपूर. पण वारा आणि भरती एकत्र आल्यावर होडी किती फेकली जाते हे कागदावर नसते. २०२१नंतर कोळी बांधवांनी काम अडवले, याहून पुष्कळ जास्त अंतर मागितले आणि बऱ्याच वाटाघाटींनंतर १२० मीटरचा गाळा ठरला. हाच प्रश्न आराखडा काढण्यापूर्वी कोळीवाड्यात बसून विचारला असता तर वेळ, पैसा आणि मनस्ताप तिन्ही वाचले असते.

उरणचे उदाहरण निराळे. बंदराच्या भरावाने आणि इतर कामांनी खाडीतली मासेमारी गेली, अशी तिथल्या पारंपरिक मच्छिमारांची तक्रार होती. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भागाकार केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार येतात. पारंपरिक मच्छिमाराचे नुकसान रुपयांत मोजून देता येते, हे या आदेशाने ठळकपणे मांडले, आणि ते मोठे काम झाले. पण हे पहिल्या बाजूचे माप आहे. खाडीबरोबर शेजारपण गेले, बायकांचे बाजारातले बसण्याचे ठिकाण गेले, पोरांना पोहायला शिकवण्याची जागा गेली. त्यांचा भागाकार कसा करणार?

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. तिथल्या मच्छिमारांनी त्याला विरोध केला. त्याने लोकांचे भले झाले की वाईट, यावर आजही दोन बाजूंनी तावातावाने बोलता येते. कारण १९८६ साली तिथली माणसे कशी जगत होती, याचे या तीन बाजूंचे मोजमाप जवळ नसले की 'आधी'ची 'नंतर'शी तुलना करता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर अशी पाहणी नेमाने होते. २०१६ आणि २०१७ साली तिथली प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, तेव्हा अभ्यासकांना २०१३ची उत्तरे आणि २०१७ची उत्तरे शेजारी ठेवून लोकांच्या मनातला बदल दाखवता आला. आधीचे माप होते म्हणून हे जमले. माप नेहमी निर्णयाच्या आधी घ्यावे लागते, आणि जिथे तो निर्णय लागू नाही अशा शेजारच्या गावातही घ्यावे लागते. नाहीतर सगळ्या किनाऱ्यावर मासळी घटली म्हणून झालेले हाल एकट्या अभयारण्याच्या नावावर लागतात.

चांगलेही उदाहरण आपल्याकडे आहे. संरक्षित कासव किंवा बहिरी मासा जाळ्यात सापडला तर त्याला सोडायला जाळे कापावे लागते. पूर्वी ते नुकसान मच्छिमाराच्या बोडक्यावर. डिसेंबर २०१८पासून राज्य सरकारने अशा जाळ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. सोडल्याचे छायाचित्र पुरावा म्हणून द्यायचे. आमच्या बंदरावरची पोरे आता कासव सोडताना मोबाईल काढतात आणि त्यात अभिमानही असतो. कासवाचे हित आणि माणसाचे हित एका कागदावर मांडले की दोन्ही साधतात, ते असे.

मग माप कसे असावे? अनुभवाने सांगतो. पहिले, प्रश्न गावाकडूनच घ्यावेत. 'आपल्या वाडीत कोणाचे बरे चालले आहे, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता?' असे विचारले की लोक स्वतःच खुणा सांगतात. कोणी म्हणते, ज्याला उचल घ्यावी लागत नाही तो. कोणी म्हणते, ज्याच्या घरी पावसाळ्यात पाहुणा आला तर जड होत नाही तो. याच खुणा पुढे प्रश्न होतात. दुसरे, सगळ्यांना विचारावे. मालकांना विचारून मोकळे होऊ नये; खलाशांना विचारावे, त्यांत नेपाळमधून येऊन रत्नागिरीच्या नौकांवर राबणारेही आले. तिसरे, एकदा जानेवारीत विचारावे आणि एकदा जुलैत. चौथे, सगळ्याची मिळून एकच बेरीज करू नये. २०१२ साली जगातल्या समुद्रांच्या आरोग्याचा एक निर्देशांक निघाला. दहा उद्दिष्टे होती, आणि साऱ्या जगाला शंभरपैकी साठ गुण मिळाले. असा आकडा लक्ष वेधून घेतो. पण एका विषयात नव्वद आणि दुसऱ्यात तीस मिळवणाराही सरासरीने साठच दिसतो. नापास झालेला विषय कोणता, हे वेगळे लिहिलेच पाहिजे. आणि पाचवे, जे निघाले ते गावाला परत येऊन सांगावे. आमच्याकडून माहिती नेणारे पुष्कळ आले. ती घेऊन परत आलेले मला दोघेच आठवतात.

या दोघांपैकी एका अभ्यासक मुलीबरोबर काही वर्षांपूर्वी मी पुन्हा घरोघर फिरलो. तिच्याकडे चौकोन नव्हते. ती दहा शिंपल्या पुढे ठेवी आणि जमिनीवर खडूने घरे काढी : पैसा, तब्येत, शेजारपाजार, सोसायटीत चालणारा शब्द, समुद्राची स्थिती. ज्यात समाधान जास्त तिथे शिंपल्या जास्त ठेवायच्या. अक्षर न येणाऱ्यालाही हे जमते आणि हात हलले की तोंडही हलते. आम्ही चाचीकडे गेलो. चाचा तेव्हा हयात नव्हता. चाचीने सहा शिंपल्या शेजारपाजाराच्या घरात ठेवल्या, तीन तब्येतीच्या. पैशाच्या घरात एक ठेवली आणि पुन्हा उचलून हातात धरली. सोसायटीच्या घराकडे तिने पाहिलेही नाही. मी त्या सोसायटीत पंचवीस वर्षे कारकून होतो.

मुलीने विचारले, "ही हातातली कुठे ठेवायची?" चाची म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उद्याक लागंल." त्या मुलीने वहीत तेच शब्द लिहून घेतले. दहापैकी नऊ ठेवल्या, एक राखून ठेवली. मला ते फार बरे वाटले. १९९२ साली माझ्याजवळ लिहायला तेवढी जागा असती, आणि मुख्य म्हणजे तेवढा धीर असता, तर मी चौकोनावर खूण न करता चाचाचे शब्दच लिहिले असते आणि खाली विचारले असते, "शुकर आहे ते ठीक. पण इंजिनाचे काय झाले?"

मित्रहो, आपल्या किनाऱ्यावर येत्या काळात बंदरे येतील, पूल येतील, नवे नियमही येतील. त्यांतले काही लागतीलही. तुमच्या दारात कोणी कागद किंवा टॅब घेऊन आले तर त्याला बसवा, चहा द्या आणि 'बरे चालले आहे' एवढ्यावर सोडू नका. आणि तुम्ही स्वतः विचारणारे असाल तर पहिल्या उत्तरानंतर थोडे थांबा. घरातल्या बाईला तिचे काम विचारा आणि ते तिच्या शब्दांत लिहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)